भाकरी थापणारे हात मातीत कसे उतरवावेत?

कोयरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस प्लॅस्टिसिनमध्ये (न वाळणाऱ्या तेलकट मातीत) हातांचा अभ्यास चालू आहे. आता एक मोठं काम मनात आहे. माझ्या आत्याचे भाकरी थापणारे दोन्ही हात, कोपराच्या थोडं खालपासून, खऱ्या मापाचे करायचे आहेत. आत्या सोलापूरकडची, सत्तरी ओलांडलेली. ज्वारीची भाकरी अजून रोज परातीत थापते. चेहरा नको, अंग नको. दोन हात, भाकरी आणि परातीचा काठ, एवढंच.

हाडं मला पाठ आहेत. मनगटात ८, तळव्यात ५, बोटांत १४, एकूण २७. पण हाडांचा हिशोब डोक्यात ठेवून हात केला की तो कोरडा होतो, आणि हिशोब बाजूला ठेवून नुसतं बघून केला की बोटं फुगतात, हातमोजा भरून ठेवल्यासारखा दिसतो. तुम्ही लोक कुठून सुरुवात करता? हाडं, स्नायू, कातडी अशा क्रमाने, की आधी मोठे आकार आणि मग आतलं ज्ञान?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. थापणं ही सतत चाललेली क्रिया. मातीत एकच क्षण धरता येणार. कुठला धरू?

रानवारा

विषयच भारी! आत्यांच्या हातांचे फोटो टाका ना. बसलोय वाचत.

शाडूवाला

कोयरीताई, एक गोष्ट आधीच सांगतो: बोटांना शेवटी हात घाला. नवीन माणूस बोटांपासून सुरू करतो, कारण डोळा तिकडेच जातो. पण हात वरून खाली येतो. कोपराखालचा भाग वर जाड आणि गोलसर असतो, मनगटाकडे येताना चपटा होतो. मनगटाची रुंदी त्याच्या जाडीच्या साधारण दीडपट धरा. तिथून तळव्याचा ठोकळा. तो मनगटाकडे जाड आणि बोटांकडे पातळ. पाठीकडून तो सपाट नसतो, आडवी कमान असते. तळव्याकडून त्याच कमानीची ओंजळ होते. ही कमान आली नाही तर पुढे कितीही कलाकुसर करा, हात फळीच राहणार.

मग चार बोटं मिळून एकच सलग आकार करा. त्याला उतार द्या: पहिल्या पेरांचा एक, मधल्यांचा दुसरा, टोकाच्या पेरांचा तिसरा. हे तिन्ही उतार जिथे बदलतात त्या रेषा सरळ नसतात, कमानीत जातात, मधल्या बोटापाशी सगळ्यात पुढे. हे बसलं की मगच भेगा पाडून बोटं सुटी करायची. अंगठा मात्र पहिल्यापासून वेगळा, कारण त्याची दिशाच वेगळी आहे. हात सैल सोडून टेबलावर ठेवा. चार नखं छताकडे बघतात, अंगठ्याचं नख बाजूला बघतं.

आणखी एक. पाठीकडून बोटं लांब दिसतात आणि तळव्याकडून आखूड. बोट सुरू होतं ते मुठीच्या उंचवट्यापासून, पण बोटांची बेचकी त्याच्या बरीच पुढे, पहिल्या पेराच्या साधारण मध्यावर असते. म्हणजे अर्धं पेर तळव्याच्या मांसात बुडालेलं. पाठीकडून मनगट ते मधल्या बोटाचा उंचवटा आणि तिथून बोटाचं टोक ही अंतरं जवळपास सारखी. तळव्याकडून बघितलं तर तळवा स्पष्ट मोठा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या नाहीत की बोटाची घडी चुकीच्या जागी पडते आणि हात कुठेतरी खटकत राहतो.

रानवारा

@शाडूवाला, आत्ता स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला. बायको विचारतेय काय झालं म्हणून.

अनामिका

मी हातांच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. नावावर जाऊ नका, ते जुनं आहे.

कोयरी, तुमचं "बोटं फुगतात" हे वाक्य महत्त्वाचं आहे. बोटांत हालचाल करणारा एकही स्नायू नसतो. आत हाडं, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे), आणि तळव्याच्या बाजूला चरबीच्या गाद्या. बोट वाकवणारे, उघडणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या कंडरा दोरीसारख्या मनगटातून पुढे येतात. म्हणून बोटाची वरची बाजू हाडाच्या जवळ, घट्ट आणि पायऱ्यापायऱ्यांची असते. मऊपणा सगळा खाली. बाजूने बघताना वरची रेषा कडक आणि खालची गोलसर ठेवलीत तर फुगणं बंद होईल.

खरे स्नायू तळव्यात कुठे आहेत? अंगठ्याच्या मुळाशी, ज्याला हात बघणारे शुक्राचा उंचवटा म्हणतात, तिथे. त्याच्या समोर करंगळीच्या बाजूला, म्हणजे त्यांचा चंद्राचा उंचवटा, तिथे. आणि तळव्याच्या हाडांच्या मधल्या फटींत. अंगठा तर्जनीला दाबून धरा. दोघांच्या मध्ये पाठीवर एक टणक गोळा उभा राहील. मूर्तिकारांनी हा एक स्नायू नीट ओळखला तरी हातात जीव येतो.

आता भाकरी. थापताना बोटं मुळाशी किंचित वाकलेली आणि पुढच्या दोन्ही सांध्यांत सरळ असतात, एकमेकांना चिकटलेली. ही स्थिती तळव्यातले छोटे स्नायू घडवतात. कुष्ठरोगात किंवा करंगळीच्या बाजूची नस गेली की नेमकी हीच स्थिती जमत नाही. बोटं मुळाशी मागे जातात, पुढच्या सांध्यांत आकड्यासारखी वळतात, आणि अंगठा-तर्जनीमधला तो गोळा जाऊन तिथे खड्डा पडतो. असे हात रोज बघते, म्हणून सांगते: थापणारा हात दिसायला साधा आहे, पण शरीराच्या फार बारीक कामांपैकी ते एक काम आहे. तुम्ही विषय उत्तम निवडला आहे.

कोयरी

@शाडूवाला, @अनामिका, मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद छापून कामाच्या टेबलासमोर लावते.

पेणकर

आमच्या कारखान्यात हाडं कोणी मोजत नाही, तरी हात होतात. चार पिढ्या होतायत. साच्यातून अंग निघतं, हात वेगळे भरतो, मग पातळ मातीने सांधतो आणि सांधा बुजवतो. आशीर्वादाचा हात, मोदकाचा हात, वरचे दोन, प्रत्येकाचा भाव वेगळा. देवाच्या हातावर शीर काढत नाहीत, सांध्याची गाठ काढत नाहीत. बोट मुळापासून टोकापर्यंत एका ओघात निमुळतं जातं. तसा हात बघून माणूस आपोआप हात जोडतो. मला वाटतं, ताईंनी आधी भाव ठरवावा. हाडं नंतर आपल्या जागी येतात.

लेणीभटक्या

पेणकरांना पूर्ण पाठिंबा. आपल्याकडची मूर्तिकला हात मोजते, पण कापून बघत नाही. तालमानात, म्हणजे मूर्तीची मापं ठरवायच्या जुन्या पद्धतीत, चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, १२ अंगुळं. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा पंजाही तेवढाच. नवताल मूर्ती म्हणजे १०८ अंगुळं, पंजाच्या नऊपट. रोमन वास्तुकार विट्रुवियस पंजाला उंचीचा दहावा भाग म्हणतो. प्रत्यक्ष मोजलं तर बहुतेक माणसांचा पंजा उंचीच्या ११ टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणजे आपलं नवताल खऱ्या माणसाच्या जास्त जवळ! घरी टेप घेऊन बघा.

आकारासाठी आपण झाडापानांकडे गेलो. चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूरांनी १९१४ मध्ये भारतीय मूर्तीच्या शरीररचनेवर लिहिताना बोटांना शेंगांची आणि चाफ्याच्या कळ्यांची उपमा सांगितली आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा कमळ धरलेला हात बघा, सांधा कुठे सुरू होतो कळत नाही, तरी कमळाचं वजन कळतं. घारापुरीच्या महेशमूर्तीत तर तीन मुखांचे तीन स्वभाव हातांतही उतरले आहेत. उग्र मुखाच्या हातात नाग, सौम्य मुखाच्या हातात कमळ आणि मधल्याच्या हातात महाळुंग. फळ तळव्यात कसं विसावलंय ते बघायला बोटीने परत जावं, एवढं ते सुंदर आहे.

कुरुंदवाडी

अवांतर: कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही म्हाळुंग आहे. लहानपणी मी ते लिंबू समजायचो. धाग्याचा विषय चालू द्या.

शाडूवाला

पेणकर, लेणीभटक्या, तुमच्या मुद्द्याचा आदर ठेवून विरोध करतो. देवाचा हात आणि आत्याचा हात ही दोन वेगळी कामं आहेत. देवाला वय नाही, त्याला गाठी नकोत हे बरोबर. पण सत्तर वर्षांच्या बाईचे हात चाफ्याच्या कळ्या करून टाकले तर तिच्या आयुष्यभराच्या कामाचं काय? तिचे सांधे, शिरा, सैल कातडी हेच तर सांगायचं आहे.

आणि महाराष्ट्रात याचीही परंपरा आहे. शिल्पकार विनायकराव करमरकरांचं अलिबागजवळच्या सासवण्याचं घर आता संग्रहालय आहे. कोळीण, खेड्यातली माणसं, जनावरं, आणि पुष्कळ कामं साध्या सिमेंटमधली. चेहरे सगळेच बघतात. तुम्ही तिथे जाऊन फक्त हात बघा. कामाच्या माणसाचा हात कसा करायचा याची शाळा आहे ती. ज्यांना जमेल त्यांनी मांडव्याला बोटीने उतरून एक दिवस काढावाच.

पेणकर

शाडूवाला, तुम्ही म्हणता ते माझ्या आजीचे हात आठवून वाचलं. पटलं. पण भाव आधी, हे मात्र सोडणार नाही.

हुरडापार्टी

मंडळी, सगळे हाडांत अडकलेत आणि मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये: भाकरी कुठली? आमच्याकडे जळगावला कळण्याची भाकरी. परात की काठवट? हातावर थापायची की खाली? हातावर थापली तर दोन्ही तळवे समोरासमोर येतात, पंजा उभा होतो, सगळी मूर्तीच बदलते.

कुरुंदवाडी

हुरडापार्टी +१. कोकणात तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने करतात, आमच्याकडे ज्वारीला खाली पिठाचा हात. ओला हात आणि पिठाचा हात, दोन्ही दिसायला वेगळे. पिठाच्या हातावर सुरकुत्या पांढऱ्या रेषांनी उठून दिसतात.

हुरडापार्टी

आणि भाकरी फिरवतो कोण? उजवा थापतो, डावा काठ सांभाळतो, की एकाच हाताने दोन्ही? माझी आई एकाच हाताने थापते आणि त्याच फटक्यात भाकरी थोडी फिरते. बघत राहावं.

कोयरी

@हुरडापार्टी, अगदी योग्य प्रश्न. ज्वारी, स्टीलची परात, खाली पीठ. आत्याचा उजवा हात थापतो आणि फिरवतो, डावा काठाला हलका टेकलेला असतो. काठ फाटायला लागला की डाव्याच्या बोटांनी ती तो आत ढकलते. @कुरुंदवाडी, पिठाच्या रेषांचं लगेच टिपून ठेवलं.

पिक्सेल_पाटील

मी ॲनिमेशनसाठी संगणकावर शिल्पं करतो. साधा विचार मांडतो: आत्यांच्या हाताचा साचाच का घेत नाही? दंतवैद्य वापरतात ते अल्जिनेट मिळतं, काही मिनिटांत घट्ट होतं, त्वचेला त्रास नाही. किंवा फोनने चारही बाजूंनी फोटो काढून त्रिमितीय मॉडेल बनवा. रचना शंभर टक्के अचूक मिळेल, मग हवे ते बदल करा. हाडांवर महिने घालवायची गरज काय?

ओतारी

पाटील, ओतकामाच्या धंद्यात असे साचे खूप घेतले आहेत, म्हणून सांगतो. अल्जिनेट वाळायला लागलं की आकसतं, त्यामुळे प्लास्टर लगेच ओतावं लागतं. ते जमतं. खरी अडचण पुढे आहे. साचा घट्ट होईपर्यंत हात निश्चल ठेवावा लागतो. थापणारा हात निश्चल ठेवला की तो थापणारा राहतच नाही. स्नायू सैल पडतात, कंडरा बुडतात, ओल्या मिश्रणाच्या दाबाने मांस सारखं होतं. प्लास्टर बाहेर येतं तेव्हा प्रत्येक सुरकुती असते आणि हात झोपलेला असतो. मापं घ्यायला साचा उत्तम. मूर्ती म्हणून नको.

सीनकाठचा

ओतारींच्या मुद्द्याला जोडून. फ्रेंच शिल्पकार रोदँवर साचा घेतल्याचाच आरोप झाला होता. १८७७ मध्ये त्याचा उभ्या तरुणाचा पुतळा ब्रसेल्समध्ये मांडला तेव्हा लोक म्हणाले, हा जिवंत माणसावरून थेट साचा घेतलाय. त्याला तो डाग पुसायला फार झगडावं लागलं. त्यानंतर त्याने मापं वाढवली, पृष्ठभाग खडबडीत ठेवला, आकार ताणले.

मी पॅरिसमध्ये राहतो आणि त्याच्या संग्रहालयात हातांसाठीच जातो. १९०८ चं "कॅथेड्रल" नावाचं दगडी काम आहे: दोन हात एकमेकांभोवती वर चढणारे, मध्ये रिकामी जागा. दोन्ही उजवे हात आहेत! म्हणजे दोन माणसं. हे कळल्यावर त्या रिकाम्या जागेचा अर्थच बदलतो. कोयरी, तुमच्या कामात दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत, पण ते दोन वेगळ्या व्यक्तींसारखे वागतात हे विसरू नका. एक मालक, एक मदतनीस.

रोदँने छोट्या छोट्या हातांचे, पायांचे प्लास्टरचे ढीग करून ठेवले होते. ते तो वेगवेगळ्या मूर्तींना लावून बघायचा. आणि गंमत अशी की १९१७ मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, त्याच्या स्वतःच्या हाताचा साचा घेतला गेला आणि त्या हातात त्याने केलेली एक छोटी स्त्रीमूर्ती ठेवली गेली.

अनामिका

सीनकाठचा, रोदँचे हात आमच्या क्षेत्रातही प्रसिद्ध आहेत. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या कँटर संग्रहालयात एक प्रदर्शन झालं. त्यात हाताच्या शल्यचिकित्सकांनी रोदँच्या हातांमध्ये वेगवेगळे आजार ओळखून दाखवले होते. आजाराचं नाव माहीत नसतानाही त्याने तो इतका नेमका केला, कारण तो बघत होता. आणि नुसतं बघून भागत नाही असं मानणारा लिओनार्दो. १५१०-११ च्या सुमारास त्याने हात थराथराने उलगडून काढला, आधी हाडं, मग कंडरा, मग नसा, मग कातडीसकट पूर्ण. मला दोन्ही रस्ते खरे वाटतात.

पिक्सेल_पाटील

साचा म्हणजे माप, मूर्ती नाही, मान्य. पण मापासाठी तरी घ्या. आणि डावा हात उजव्याचं आरशातलं रूप म्हणून कधीच करू नका. संगणकावर एका बटणात होतं आणि दिसताक्षणी कळतं.

शाडूवाला

पाटील, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

क्षण कुठला, या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. माझं मत: स्पर्शाचा क्षण. बोटं भाकरीवर दाबलेली. इटालियन शिल्पकार बर्निनीचं १६२१-२२ चं प्लुटो आणि प्रोसर्पिनाचं शिल्प रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. प्लुटोची बोटं तिच्या मांडीत रुततात आणि संगमरवर मऊ वाटतो. बोटांचा जोर बोटांत दाखवता येत नाही, तो ज्याला बोट लागतं त्यात दिसतो. भाकरीचं पीठ बोटांच्या पुढे थोडं उचललं गेलं पाहिजे, मागे चार खळगे राहिले पाहिजेत. दाबलेल्या बोटाचं टोकाचं पेर किंचित उलट्या बाजूला वाकतं आणि गादी पसरून रुंद होते. हे सगळं मातीत सुंदर येतं.

हुरडापार्टी

मला उलट वाटतं. हात उचललेला असताना पाठीवरच्या कंडरा ताणून दिसतात, बोटं पंख्यासारखी उघडतात. थापण्याचा नाद हात वर असताना कळतो. दाबलेला हात पीठ मळतोय असंही वाटू शकतं.

सीनकाठचा

हुरडापार्टींचा मुद्दा खरंच विचार करण्यासारखा आहे. थापणं आणि दाबणं वेगळं आहे.

कोयरी

या दोन्ही मतांसाठी काल आत्याकडे जाऊन बसले. तिला सांगितलं, नेहमीसारखी कर, माझ्याकडे बघू नकोस. जे दिसलं ते लिहिते, कारण तुमच्या प्रश्नांमुळेच दिसलं.

एक: ती थापते तेव्हा तळवा भाकरीला लागतच नाही. लागतात ती बोटं, तीही टोकाची आणि मधली पेरं. तळवा वर तरंगत असतो. मनगट मागे दुमडलेलं, त्यामुळे मनगटाच्या पाठीवर आडव्या सुरकुत्या पडतात.

दोन: हात उचलतो तो फार थोडा. फटका मनगटातून येतो, खांद्यातून नाही. म्हणजे "वरचा क्षण" भाकरीपासून जेमतेम बोटभर वर असतो.

तीन: बांगड्या. काम सुरू करताना ती त्या वर सरकवते, पण हात खाली उतरता असल्याने त्या हळूहळू खाली येतात आणि अंगठ्याच्या मुळापाशी अडकतात, कारण पंजा मनगटापेक्षा रुंद आहे. करंगळीच्या बाजूचं मनगटावरचं टेंगूळ त्यांच्या मागे उघडं पडतं. आतापर्यंत माझ्या सगळ्या रेखाटनांत बांगड्या मनगटाच्या बरोबर मधोमध होत्या, आता त्या जागेवरून हलवणार आहे.

चार: डावा हात. तर्जनी आणि मधलं बोट काठाला, अंगठा परातीच्या बाहेर, करंगळी हवेत. सीनकाठचा यांचं "मालक आणि मदतनीस" डोक्यात होतं म्हणून हे नीट बघितलं गेलं.

क्षणाबद्दल माझं ठरलं. उजव्या हाताची बोटं नुकतीच टेकलेली, पिठात खळगा पडायला सुरुवात झालेली, आणि मधल्या बोटाच्या मागे करंगळी अजून वरच. बोटं एकाच वेळी टेकत नाहीत, हे मला काल समजलं. त्यात दाब आहे आणि फटकाही आहे.

पेणकर

ताई, हा भाव आला. आता करा.

अनामिका

"बोटं एकाच वेळी टेकत नाहीत" हे फार नेमकं निरीक्षण आहे. त्याचं कारणही मजेदार आहे. तर्जनी आणि मधल्या बोटाची तळव्यातली हाडं जवळजवळ पक्की बसलेली असतात. अनामिका आणि करंगळीची हाडं मुळाशी हलतात, करंगळीचं सगळ्यात जास्त. म्हणून मूठ वळली की करंगळीची बाजू आत येते आणि तळव्याची ओंजळ होते. थापताना ही सैल बाजू भाकरीच्या आकाराला जुळवून घेते. म्हणजे मूर्तीत अंगठ्याकडची अर्धी बाजू खांबासारखी ठाम आणि करंगळीकडची अर्धी लवचिक दिसली पाहिजे.

पंजा टेबलावर पालथा ठेवून मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. उचलत नाही! पाठीवरच्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून आत्याची करंगळी वर असेल तर अनामिकाही थोडी वर ओढलेली असणार. चारही बोटं स्वतंत्र हलवू नका.

वयाच्या खुणा: टोकाच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंना छोट्या टणक गाठी असतील, वयस्क बायकांत त्या फार दिसतात. तिथे बोट थोडं वाकडंही होतं. पाठीवर कंडरांच्या मधली मांसाची जागा खाली बसते, शिरा वर येतात. शिरा कंडरांच्या वरून जातात, त्यांच्या रेषेत जात नाहीत. हे उलट झालं की डॉक्टर नसलेल्यालाही खटकतं. हात खाली असला की शिरा भरतात, वर उचलला की रिकाम्या होतात. तुमचे हात उतरते आहेत, म्हणजे भरलेल्या दाखवा.

लेणीभटक्या

मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा उजवा हात खाली लोंबतो आणि शिरा फुगलेल्या आहेत. अनामिकाताई, तुमच्यामुळे त्याचं कारण आज समजलं. वाचनखूण साठवली.

रानवारा

मधलं बोट दुमडून अनामिका उचलायचा प्रयोग सगळ्या घराने केला. कोणालाच जमत नाही, सासूबाईंनाही नाही. भन्नाट धागा!

ओतारी

कोयरीताई, आता कामाचं बोलू. शेवटी कशात करणार? उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

कोयरी

@ओतारी, मनात भट्टीत भाजलेली माती होती. आता वाटतंय शाडूत किंवा प्लॅस्टिसिनमध्ये करून साचा घ्यावा आणि ब्राँझ करावं. आत्याचे हात टिकले पाहिजेत.

ओतारी

मग ऐका. भाजायची माती असेल तर आत तार चालत नाही. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, बोटं मधोमध तडकतात. भाजायचं काम पोकळ करावं लागतं आणि बोटांना बाहेरून टेकू द्यावे लागतात. साचा घ्यायचा असेल तर प्लॅस्टिसिन घ्या आणि आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा करा. लोखंडी तार नको, ती गंजते आणि ओली माती वापरलीत तर डाग वर येतात. प्रत्येक बोटाला दोन तारा पिळून घ्या म्हणजे माती फिरत नाही. मनगटापाशी सगळ्या तारा एकत्र बांधून जाड तारेने खालच्या फळीला पक्क्या करा. तळव्याच्या जाडीत लाकडाचे दोन तुकडे फुलीसारखे बांधून लटकवा, माती ओघळत नाही. तार सांध्यापाशी वाकवा, पेराच्या मध्ये नाही; तिथेच तुमची हाडं उपयोगी पडतील.

साच्याचं आधीच ठरवा. चिकटलेल्या बोटांच्या मधल्या फटी आणि भाकरीच्या काठाखालची पोकळी या दोन जागा साचा अडवतात. सिलिकॉनचा साचा घेतलात तर तो लवचिक असल्यामुळे सुटतो, वर प्लास्टरचं किंवा फायबरचं कवच घालायचं. मी उजवा हात, डावा हात आणि परात असे तीन तुकडे वेगळे ओतायला सांगेन. जोड बांगड्यांच्या खाली लपवा. ब्राँझच्या बांगड्या वेगळ्या करून नंतर घातल्या तर त्या खरंच मोकळ्या हलतील, हवं तर.

हुरडापार्टी

मोकळ्या हलणाऱ्या बांगड्या! ओतारी, हे करायलाच हवं.

शाडूवाला

बांगड्या हलणाऱ्या नकोत असं माझं मत. त्यांची जागा ताईंनी मेहनतीने हेरली आहे, अंगठ्याच्या मुळाशी अडकलेल्या. हलल्या तर ती जागा जाईल. पण वेगळ्या ओतून त्याच जागी पक्क्या बसवता येतील, मग मनगटाखालचं कामही पूर्ण करता येईल. मनगट बांगडीने झाकलं जाणार म्हणून अर्धवट सोडू नका, ताई. बांगडीच्या आतून ते दिसतंच.

कोयरी

@शाडूवाला, पक्क्याच बसवते, मनगटही पूर्ण करते. @ओतारी, तीन तुकड्यांबद्दल एक शंका: उजव्या हाताची बोटं पिठात रुतलेली आहेत. भाकरी परातीबरोबर ओतायची की हाताबरोबर?

ओतारी

हाताबरोबर. भाकरी आणि उजवा हात एकच तुकडा करा, म्हणजे खळगे तुटणार नाहीत. डावा हात काठाला टेकतो तिथे खाली एक छोटी खुंटी ठेवा, जोडताना नेमकी जागा सापडेल. परात वेगळी, आणि तिला मागच्या बाजूने दोन स्क्रू. साच्यातून मेणाची प्रत काढतात आणि तिच्यावरून ब्राँझ ओततात; ती प्रत हातात आली की तिच्यावर नखांच्या कडा आणि बोटांच्या घड्या पुन्हा एकदा धारदार करून घ्या, ब्राँझमध्ये गेल्यावर ते काम फार अवघड होतं. मेण घेऊन या, मी बसून दाखवतो.